पंगतीला न बसणारे पंडितभाऊ

आमच्या दीपनगर कॉलनीत लग्न असो, बारसं असो, नाहीतर कोणाच्या निवृत्तीचं जेवण असो, पंडितभाऊ पँट घोट्याच्या वर दुमडून, हातात भाजीची बादली घेऊन पंगतीत फिरताना दिसायचेच. "घ्या हो, घ्या! लाजू नका. रिकामं ताट माले चालत नही!" नको नको म्हणणाऱ्याच्या हाताखालून पळी घालून वाढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कोणी विचारलंच, "भाऊ, तुम्ही कधी बसणार?" तर उत्तर ठरलेलं, "मी शेवटला. आधी बठ्ठासले जेवू द्या." सगळ्यांचं झाल्यावरच ते बसणार. बायका आपापल्या नवऱ्यांना सुनवायच्या, पाहा, याला म्हणतात माणूस! कॉलनीच्या मंडळाने शाल-नारळ देऊन त्यांचा सत्कारसुद्धा केला होता आणि त्या सत्काराचं भाषण मीच ठोकलं होतं. चांगलं लांबलचक ठोकलं होतं.

आम्ही दोघे वीजकेंद्रात एकाच पाळीत. ते मूळचे धुळ्याकडच्या एका खेड्यातले, त्यामुळे साहेबांसमोर शुद्ध मराठी आणि माझ्यासमोर अहिराणी. उंचपुरा, रुंद खांद्यांचा माणूस. बॉयलरच्या धगीत उभा राहील पण तोंडातून हूं की चूं नाही. असा माणूस एका लग्नात मला मांडवामागे, पाण्याच्या टँकरच्या आडोशाला उकिडवा बसलेला सापडला. समोर वर्तमानपत्रावर दोन पोळ्या आणि मूठभर शेव. मला वाटलं आत अन्न संपलं! मी तिथूनच आचाऱ्याला हाक मारायला तोंड उघडलं तर भाऊंनी माझं मनगट पकडलं.

"अरे सुधा, वरडू नको. माले ते जात नही."

"काय जात नाही?"

"वांगं."

मग हळूहळू बाकीची यादी बाहेर आली. भेंडी नाही, गिलकं नाही, मेथी नाही. एकंदरीत जे जे मऊ, गिळगिळीत, एकमेकांत मिसळलेलं, ते ते नाही. पोळी, भात, साधं वरण, कोरडा बटाटा आणि शेव, एवढ्यावर या माणसाने पन्नाशी ओलांडली होती. घरी वहिनी मुकाट्याने त्यांचं वेगळं शिजवायच्या आणि बाहेर ही बादली! वाढणाऱ्याच्या ताटाकडे कोण बघतंय? मी इतका हसलो की टँकरला टेकून उभा राहिलो. भाऊ हसले नाहीत. म्हणाले, "लहानपने बापनी तोंड धरीसन भरं व्हतं वांगं. तवयपासून गळाच बंद व्हई जास."  

आणि आमच्या या भागात वांग्यावाचून कोणाचं चाललंय? लग्नात वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी नसेल तर लोक अक्षता टाकायच्या आधी घरी जातील. हिवाळ्यात शेतात भरीत होतं, त्याला बोलावणं म्हणजे मान. तिथे ताट बाजूला सारणारा माणूस दोनच कारणांनी सारतो. एक तर तो आजारी असतो, नाहीतर त्याला यजमानाचा अपमान करायचा असतो.

हे भाऊंना एरंडोलला भोवलं. मुलीचं, मनीषाचं, तिथल्या एका चांगल्या घरी जमत आलं होतं. बोलणी झाली, पानं वाढली. मुलीच्या बापाच्या हातात बादली कोण देणार? बसावं लागलं. समोर वांग्याची भाजी आली आणि भाऊंनी ठोकून दिलं, "माझा आज उपवास आहे." इथवर ठीक होतं. पण तासाभराने चहा आला, बरोबर खारी आली, आणि या भल्या माणसाने बोलता बोलता खारी चहात बुडवून खाल्ली! सगळ्या घराने पाहिलं. चार दिवसांनी मध्यस्थ निरोप घेऊन आला, "पाहुण्यांना आमच्या घरचं अन्न चालत नाही, मग त्यांची मुलगी आमच्या घरी काय खाणार?" सोयरीक मोडली.

पुढचं स्थळ जामनेरचं आलं. केळी-कापसाची शेती, मुलगा शिकलेला, आणि मुख्य म्हणजे मनीषाला तो मनापासून आवडलेला. दोघं फोनवर बोलायला लागली होती. घरात शब्द चालायचा तो मुलाच्या आजोबांचा, त्यांना सगळे आबा म्हणत. आबांनी सांगावा धाडला की मंडळींनी शेतात भरीत खायला यावं, तिथेच काय ते पक्कं करू. त्या दिवशी भाऊ कँटीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसले. चहा निवून त्याच्यावर साय धरली.

"पोर म्हने, पप्पा, या वेळी मामा जातील, तुम्ही नका जाऊ," ते शेवटी म्हणाले. "मनी पोरनं जमाडतस अन् मीच नको."

माझं डोकं सटकलं. "मग खा ना ते वांगं! विष आहे का? पोरीच्या जिवापेक्षा तुमची जीभ मोठी झाली का?"

बोललो आणि वाटलं, आता हे उठून जाणार. पण भाऊंनी निवलेला चहा बाजूला सारला. मग म्हणाले, "मंग शिकाड माले."

छप्पन वर्षांच्या माणसाला खायला शिकवायचं! घरी कळू द्यायचं नव्हतं, म्हणून शाळा माझ्या स्वयंपाकघरात भरली आणि मास्तरीण झाली माझी बायको, रजनी. पहिल्या दिवशी तिने नुसतं वांगं भाजलं, तर भाऊ नाकाला रुमाल लावून दारात उभे. मग पोळीच्या तुकड्याला भरताचं बोट लावून दिलं. तुकडा तोंडात गेला, कपाळावर घाम आला, आणि भाऊ मोरीकडे धावले. परत आले तेव्हा डोळे लाल. मला वाटलं संपलं, पण त्यांनी पुन्हा ताटली पुढे केली. असं रोज चाललं. पुढे पुढे घास आत राहायला लागला, पण डोळे मिटून, वरून गटागटा पाणी पिऊन. रजनी चिडायची. "भाऊ, तुम्ही नुसतं गिळताय. चावा की! चावल्याशिवाय भीती जायची नाही." भाऊ हात जोडायचे, "वहिनी, गियं हाईच भलतं शे." गिळलं हेच त्यांना पुष्कळ वाटायचं. जामनेरचा दिवस उजाडला तरी त्यांची मजल गिळण्यापर्यंतच आली होती.

सकाळी मी, मनीषाचे मामा आणि मध्यस्थ जीपमध्ये बसायच्या आधीच भाऊ पुढच्या सीटवर जाऊन बसले होते. धुतलेला सदरा, कडक इस्त्री. मनीषा धावत बाहेर आली. खिडकीशी थांबली, "पप्पा..." एवढंच म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. भाऊंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चला."  

शेतात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजणं चाललं होतं. ती भलीमोठी हिरवी वांगी सोलून लाकडी बडगीत मिरच्या-लसणाबरोबर ठेचली, वरून कांद्याची पात आणि चरचरीत फोडणी. तोंडाला सुटलेलं पाणी गिळता गिळता मी भाऊंकडे पाहिलं, तर ते जमिनीकडे बघत होते. केळीची पानं मांडली. भाऊंना आबांच्या शेजारी बसवलं. कळण्याच्या पुऱ्या आल्या, भरीत आलं. सगळे हात आवरून बसले, कारण मुलीच्या बापाने पहिला घास घेतल्याशिवाय कोणी जेवणार नव्हतं.  पांढऱ्या टोपीखालून आबा फक्त भाऊंच्या हाताकडे बघत होते.

भाऊंनी घास उचलला. घातला. गिळला. दुसरा घातला, गिळला. मी मनात म्हटलं, शाब्बास रे वाघा! आणि मग, एकदाचं संपवून टाकावं म्हणून, त्यांनी भराभर सगळं पान साफ केलं. अरे देवा! ज्याने उभा जन्म रिकामी पानं हेरून वाढलं, त्याला हे कळू नये? वाढपी वाऱ्यासारखा आला. "पाहुण्यांना आवडलं बरं का!" म्हणत पहिल्याच्या दुप्पट भरीत त्याने पानावर घातलं.

भाऊंचा चेहरा पांढराफटक पडला. हात पानावर गेला आणि तिथेच थांबला. मामांनी डोळे वटारले. मध्यस्थ खाकरला. कोणाचंच जेवण पुढे सरकेना. मला वाटलं, आता उपवास निघतो नाहीतर पोटदुखी निघते, आणि पोरीचं दुसरंही स्थळ जातं.

भाऊंनी हात पानावरून उचलला. शुद्ध मराठी सोडून ते सरळ आबांकडे वळले. "आबा, खोटं नही सांगत. मी आखा जनममा वांगं खादं नही. माले जातच नही. पोरनासाठे शिकनू, तेबी गियाले. पहिलं गियं. आते हाई माले व्हत नही. तुमना अन्नले नावं ठेवत नही, आबा. मना गळाच असा शे."

 आबांनी टोपी मागे सारली. "एरंडोलची बातमी आमच्यापर्यंत आली होती," ते म्हणाले. "म्हणूनच भरीत ठेवलं. म्हटलं, पाहू तर खरं, कोण हा मोठा लागून गेलाय, ज्याले आमचं अन्न चालत नाही." त्यांनी भाऊंच्या पानाकडे पाहिलं. "तुमचं तर दुखणं निघालं, पाहुणे."

एवढं बोलून आबा वाकले आणि भाऊंच्या पानावरचं भरीत हाताने ओढून आपल्या पानावर घेऊ लागले. मुलाकडचा वडीलधारा माणूस, मुलीच्या बापाच्या पानातलं उष्टं! माझ्या तोंडातला घास तोंडातच राहिला. मामा अर्धवट उठलेच. भाऊंनी चटकन आबांचा हात धरला. "थोडं राहू द्या, आबा."

लिंबाएवढं भरीत उरलं होतं. भाऊंनी त्यातलं चिमूटभर पुरीला लावलं, तोंडात घातलं आणि या वेळी डोळे उघडे ठेवून चावलं. पाण्याला हात लावला नाही. सावकाश चावत राहिले. "तिखं शे," म्हणाले. आबा म्हणाले, "मग पात खा वरून." तेव्हा कुठे बाकीच्यांचे हात पानाकडे गेले, आणि पानं उचलायच्या आत सोयरीक पक्की झाली.

भाऊंना जाऊन आता दुसरा हिवाळा. त्या दिवसापासून ते सगळं खायला लागले असं मी म्हणणार नाही. भरीत खायचे, तेही बेताने. भेंडीपर्यंत आले होते. मेथीशी मात्र शेवटपर्यंत जमलं नाही, आणि त्याचं त्यांना काही वाटायचं नाही. पुढे कुठे गेले की आधीच सांगून टाकायचे, "माले हाई जात नही, थोडंच वाढा." लोक थोडंच वाढायचे. इतकं सोपं होतं ते! सगळं आयुष्य या माणसाने उगाच भीतीत काढलं, याचा मला अजून राग येतो.

त्या दिवशी जामनेरहून निघालो आणि जीप रस्त्याला लागते न लागते तोच भाऊंचा फोन वाजला. मनीषा होती. फोनचा आवाज मोठा होता, मला मागे सगळं ऐकू येत होतं. मला वाटलं, विचारेल जमलं का, काय ठरलं, आबा काय म्हणाले. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही जेवलात का?"

भाऊंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. "जेवनू, बेटा," ते म्हणाले. "बठ्ठासना संगे बसीसन जेवनू."