वारा कापणारी

आमच्याकडे एकच सायकल होती. वडील तिच्यावर पाव विकायचे. शर्यतीच्या दिवशी दादा कॅरिअर काढून ती न्यायचा, त्या दिवशी धंदा बंद. पुढे दादाच्याच बक्षिसांवर मी शिकले, घरातली पहिली पदवीधर झाले.

शर्यती सोडून दादा आता प्रशिक्षक झालाय. काल माळावर त्याच्या हाताखालच्या चार मुली सायकलींवर एकामागे एक चालल्या होत्या. पुढची वारा कापते, म्हणून मागच्यांना हलकं जातं. पुढची दमली होती, पण बाजूला होईना.

"अगं, कोपर हलव, मागचीला पुढे बोलाव! सगळा वारा एकटीच खाणार का?" दादा स्कूटरवरून ओरडला.

मला हसू आलं. घरात यानं कधी कोपर हलवलं? आणि मागून आम्हाला तरी नुसत्या पाठीवरून तो दमलाय हे कसं कळणार!

तिनं कोपर हलवलं, मागची पुढे आली. चौघींनी तो माळ पहिल्यांदाच न थांबता पार केला.