आत्यांच्या मापाचं हेल्मेट

अंबरनाथला टाक्या बनवणाऱ्या एका कारखान्यात मी वेल्डर होते. बायका पॅकिंगला होत्या, ऑफिसात होत्या, पण शेडमध्ये रॉड धरणारी मी एकटीच. आयटीआय केलं ते बाबांच्या हट्टापायी. ते स्वतः जन्मभर वेल्डिंग करत आले होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी मला आपलं काळ्या काचेचं वेल्डिंगचं हेल्मेट दिलं. लोक मुलीला दागिना देतात, बाबांनी हे दिलं. त्यांचं डोकं मोठं, म्हणून आत मी जुन्या ब्लाउजचं कापड शिवून घेतलं आणि तेच वापरत राहिले. कंपनीची हेल्मेटं होती, पण ती सगळ्यांच्या डोक्यावरून फिरायची. एकात तंबाखूचा वास, दुसऱ्यात खोबरेल तेलाचा.

आम्ही राहायचो बदलापूरला, कात्रपमध्ये. तिथे तेव्हा नव्या बिल्डिंगी उठत होत्या आणि नव्या घरात आलेल्या प्रत्येकाला खिडकीला ग्रिल हवी असायची. आमच्या चाळीतल्या खोलीमागे थोडी मोकळी जागा होती. मिस्टरांनी ओळखीतून एक जुनं वेल्डिंग मशीन आणलं आणि मी सुट्टीच्या दिवशी घरी ग्रिल बनवायला लागले. मिस्टर एका गोदामात कारकून. मशीन लावलं की अख्ख्या चाळीचे दिवे मंद व्हायचे आणि टीव्हीतली माणसं आखूड व्हायची. म्हणून रविवारी सकाळची सिरियल संपल्याशिवाय मी बटण दाबायचं नाही, असं शेजाऱ्यांनी ठरवून दिलं होतं. सिरियल संपली की कुणीतरी पोर येऊन सांगायचं, "काकी, करा चालू."

सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. सून वेल्डिंग करते हे त्यांना सुरुवातीला पचलं नाही, पण पहिली ग्रिल लोक उचलून घेऊन गेले तेव्हापासून त्या बदलल्या. मी काम करत असले की आत्या मागच्या दारात उभ्या. गज धरायला, वाकडं झालं तर सांगायला. मी किती वेळा म्हणायचे, "आत्या, उजेडाकडे बघू नका. बघायचंच असेल तर हे डोक्यात घाला, मी तोवर थांबते."

"ते? ते व्याह्यांचं आहे."

"मग काय झालं?"

"व्याह्यांची टोपी मी डोक्यात घालू? लोक काय म्हणतील?"

आणि पदराआडून, बोटांच्या फटीतून बघत राहायच्या.

एका शनिवारी मी हेल्मेट कंपनीतच विसरून आले. रविवारी ग्रिल द्यायची कबूल केली होती, वेल्डिंगचे दोन-चार टाके मारायचे राहिले होते. माझ्याकडे एक सुटी काळी काच होती. ती डाव्या हाताने डोळ्यांसमोर धरून मी काम उरकलं. काच लहान, हात हलायचा, कधी ठिणगी आधी आणि काच नंतर. आत्या नेहमीसारख्या दारात, फटीतून बघत.

संध्याकाळी चहा घेताना डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायला लागलं. तेवढ्यात आत्या म्हणाल्या, "कांदा कोण चिरतंय गं?"

कांदा कुणीच चिरत नव्हतं.

दिवेलागणीला आम्ही दोघी सतरंजीवर शेजारी शेजारी आडव्या. डोळे उघडवत नव्हते, पाण्याच्या धारा लागलेल्या. मिस्टर बटाटे कापून त्यांच्या चकत्या आमच्या डोळ्यांवर ठेवत होते. आधी आईच्या, मग माझ्या.

"कुठले बटाटे घेतलेस?" आत्यांनी डोळे झाकूनच विचारलं.

"टोपलीतले."

"वरचे की खालचे? वरचे नवे आहेत, ते भाजीला ठेवलेत."

मिस्टर म्हणाले, "आई, आता ते डोळ्यांवर ठेवलेत."

"मग उद्या भाजी कशाची?"

सकाळी डॉक्टरांकडे गेलो. रिक्षात मिस्टर मध्ये आणि दोन बाजूंना डोळ्यांवर पदर धरलेल्या आम्ही. रिक्षावाला त्यांना हळूच म्हणाला, "कोण गेलं?" डॉक्टरांनी थेंब दिले, बटाट्याबद्दल सुनावलं आणि आत्यांना विचारलं, "आजी, तुम्हीपण वेल्डिंग करता?"

"नाही. माझ्याकडे देखरेख आहे."

डोळे दोन दिवसांत बरे झाले आणि आत्यांनी जाहीर केलं की घरासाठी दुसरं हेल्मेट घ्यायचं. एक कंपनीत राहील, एक घरी. आणि घरचं आपल्यालाही बसायला हवं, कारण ते नवं असेल, व्याह्यांचं नसेल.

पुढच्या सुट्टीला आम्ही तिघं विठ्ठलवाडीला उतरून उल्हासनगर कॅम्प चारला गेलो. रस्त्याच्या एका बाजूला सगळी हार्डवेअरची दुकानं, मधूनमधून गेट आणि कपाटं बनवणारी वर्कशॉपं. एका सिंधी दुकानदाराकडे छताला हेल्मेटं टांगलेली दिसली म्हणून आत शिरलो. त्याने मिस्टरांकडे पाहिलं, एक हेल्मेट काढलं आणि सरळ त्यांच्या डोक्यात घातलं.

"एकदम फिट, साईं."

आतून मिस्टरांचा आवाज आला, "मला नको. हिला हवंय."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, मग आत्यांकडे. "लेडीज साइज तो नहीं आता."

"लेडीज नको," मी म्हणाले. "चांगलं द्या."

पहिलं हेल्मेट माझ्या अंबाड्यावरच अडलं. आतली पट्टी मागून खाली येईना आणि काच कपाळावर. आत्यांनी दुकानातच मला स्टुलावर बसवलं, अंबाडा सोडला आणि वेणी घालायला घेतली. मिस्टर रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले, जणू आमची ओळखच नव्हती. वेणी घातल्यावर हेल्मेट बसलं, पण इतकं जड की मान खाली करावी लागायची. दुकानदाराने दुसरं दाखवलं, हातात धरायचं, दांड्याचं. आत्यांना ते फार आवडलं. त्यांनी ते तोंडासमोर धरलं, बाजूला केलं, परत धरलं, थोडा वारा घेतला.

"हे बरं आहे. उन्हातपण चालेल."

"आत्या, मला दोन्ही हात लागतात. एका हातात रॉडचा होल्डर, दुसऱ्याने गज धरायचा."

"गज मी धरते की."

"मग तुमचं हेल्मेट कोण धरणार?"

यावर आत्यांनी मिस्टरांकडे पाहिलं. मिस्टर म्हणाले, "तिसरं दाखवा."

तिसऱ्याची काळी काच वर उचलता यायची. खाली साधी काच, म्हणजे टाका मारून झाल्यावर वरचा जळका पोपडा झाडताना हेल्मेट काढायला नको. मागे फिरकी होती. ती फिरवली की पट्टी सैल किंवा घट्ट. माझ्या डोक्याला बसलं आणि फिरकी फिरवल्यावर आत्यांच्या लहानशा डोक्यालाही. वजनही हलकं. मी मनात तेच पक्कं केलं. पण आत्यांनी काळी काच खाली ओढली आणि म्हणाल्या, "यातून काहीच दिसत नाही. हे खराब आहे."

"माई, वेल्डिंग चालू होगा तब दिखेगा," दुकानदार म्हणाला.

"मग चालू करा."

"मेरे पास मशीन नहीं है, माई."

शेजारच्या वर्कशॉपमधून चरचर आवाज येत होता. आम्हाला काही कळायच्या आत आत्या हेल्मेट घालून, काच खाली ओढून, चाचपडत फूटपाथवरून तिकडे निघाल्या. मिस्टर मागे धावले, मी मागे, दुकानदारही, कारण माल त्याचा होता. तिथे एक वेल्डर उकिडवा बसून गेट जोडत होता. आत्या त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्याने रॉड बदलायला मान वर केली आणि समोर लुगडं, त्याच्यावर हेल्मेट. तो ताडकन उठला. त्याला वाटलं कुणी सरकारी तपासणीला आलंय. पायातली चप्पल नीट करत तो म्हणाला, "शेठ अभी खाने पे गया है, मॅडम."

"तुम चालू रखो," आत्या आतून म्हणाल्या. "हम बघता है."

बिचाऱ्याने परत काम सुरू केलं. एवढ्या काळजीने त्याने त्या दिवसात टाका मारला नसेल. आत्या बराच वेळ बघत होत्या. मग काच वर करून माझ्याकडे वळल्या. चेहरा लहान मुलीसारखा झाला होता.

"अगं, ते लोखंड पाण्यासारखं होतं. तू हे रोज बघतेस?"

"रोज."

"आणि मला कधी सांगितलं नाहीस."

तेच हेल्मेट घेतलं. घरी येताना ते आत्यांच्या मांडीवर होतं.

महिन्याभराने बाबा भेटायला आले. जय भीम झाला, पाणी झालं आणि खुंटीवरचं नवं हेल्मेट त्यांना दिसलं. "बघू," म्हणत त्यांनी ते उतरवलं, फिरकी पार सैल केली आणि घातलं. काच वर-खाली करून पाहिली. "आमच्या वेळी असलं नव्हतं, विहीणबाई." आत्या चहाचा कप धरून तशाच उभ्या. बाबा गेल्यावर त्यांनी आतली पट्टी साबणाने धुतली, दोरीवर वाळत घातली आणि संध्याकाळी डोक्यात घातली. "धुतलं की झालं," त्या म्हणाल्या. त्या हिशेबाने जुनंही कधीच धुता आलं असतं.

नुसतं बघून त्यांचं समाधान झालं नाही. पावसाळ्यात ग्रिलची कामं कमी असताना त्यांनी मला होल्डर मागितला. मी बाबांचं हेल्मेट कंपनीतून आणून घातलं, त्यांना नवं दिलं आणि त्यांचा हात धरून पहिला टाका मारायला लावला. रॉड चिकटला. त्यांनी ओढला, तर पत्र्याचा तुकडा बरोबर आला. "सोडत नाही गं," त्या म्हणायच्या, आणि मशीन घुर्र करायचं, आणि शेजारून कुणीतरी ओरडायचं, "काकी, टीव्ही."

तरी त्यांनी सोडलं नाही. उरलेल्या तुकड्यांतून त्यांनी एक स्टूल केलं. चारही पाय त्यांनीच जोडले, मला हात लावू दिला नाही. त्यातला एक पाय आखूड झाला. आंघोळीला बसायला म्हणून ते मोरीत ठेवलं आणि घरातल्या सगळ्यांना त्यावर डावीकडे भार देऊन बसायची सवय झाली.