पाळण्यात बसलेलं सोयाबीन

वाशीम स्टेशनावर उतरले तेव्हा माझ्या पिशवीत तीन कागद होते: लशीचा दाखला, त्याची झेरॉक्स आणि ती हरवली तर असावी म्हणून आणखी एक झेरॉक्स. ते कुणीच विचारले नाहीत. तपासनीस कुठे उभा असेल, काय विचारेल, याच्या धास्तीने मी कोल्हापुरापासून डोळ्याला डोळा लावला नव्हता आणि इथे फाटकापाशी एक शेळी बसलेली.

आपल्या आजऱ्यातल्या लोकांना माझं काम नीट माहीत नाही, म्हणून आधी ते सांगते. मी जत्रेतल्या आकाशपाळण्यावर माणसं बसवते. तिकीट फाडणारा वेगळा, इंजिन चालवणारा वेगळा. मी पायरीपाशी उभी राहते आणि आलेल्या माणसाकडे बघून त्याला कुठल्या डोलीत (बसायच्या पाळण्यात) घालायचं ते ठरवते. एका डोलीत जाड मामा बसला, तर समोरच्या डोलीतही तेवढंच वजन लागतं. नाहीतर चाक एका अंगाला ओढतं, इंजिनाचा पट्टा घसरतो आणि डिझेल नुसतं जळतं. सहावीत शाळा सुटली, गणित तिथेच राहिलं. पण माणसाचं वजन मला डोळ्याने कळतं. निदान तेव्हा कळत होतं.

हा पाळणा दोन वर्षांपूर्वी कारंजा तालुक्यातल्या कामरगावच्या जत्रेत उभा होता आणि तिथेच टाळेबंदी लागली. आम्ही दीड महिना अडकलो. ज्यांच्या वावरात (शेतात) पाळणा होता त्या वच्छलाबाईंनी आम्हा नऊ जणांना रोज भाकरी दिली. मग जो तो मिळेल त्या वाहनाने घरी गेला. पाळणा तिथेच राहिला. आता जत्रा-खेळ उघडायला परवानगी मिळाली, तीही अर्धीच: दिवस मावळायच्या आत, अर्ध्या डोल्या रिकाम्या, एका डोलीत एकाच घरची माणसं. मालकांचा फोन आला, "मालन, तीन दिवस चालवून बघू. चाक अर्धं भरलं तरी डिझेल पूर्ण पितं. तीन दिवसांत डिझेल भागवून आपल्या पोटाला काही उरलं, तर पाळणा पुढे इंझोरीला नेऊ. नाही उरलं तर भंगारवाल्याला मी हो म्हणणार आहे."

त्यांना तरी दोष कसा देऊ? आणि पाळणा भंगारात गेला, तर माझ्या या डोळ्याला दुसरीकडे कोण काम देणार?

एसटी संपामुळे बंद होत्या. स्टेशनाबाहेर कारंजाला जाणारी काळी-पिवळी जीप भरत होती. ड्रायव्हरला मी म्हटलं, "अर्धीच माणसं घ्यायचा नियम आहे न्हवं?"

"हाय ना बाई," तो म्हणाला, "आधे आत, आधे टपावर."

मला आत जागा मिळाली. समोर मास्क बांधलेले, शाल पांघरलेले एक गृहस्थ बसले होते आणि जीप त्यांच्या बाजूला कलली होती. सवयीने मी बोलून गेले, "काका, तुम्ही जरा इकडच्या बाजूला बसा. ब्याण्णव किलो एका अंगाला नको."

"ब्याण्णव?" सगळी जीप हसायला लागली. "बाई, परवाच सोयाबीन मोजतानी काट्यावर उभा राह्यलो. अठ्ठ्याहत्तर हाय मी. दोन स्वेटर घातले म्हून का जीव घेता?"

सगळ्यांबरोबर मीही हसले. चौदा किलोंची चूक माझ्याकडून कधी झाली नव्हती.

मंगरूळपीर मागे पडलं. दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि तुरीला पिवळी फुलं. कुठे कपाशी वेचणाऱ्या बायका, कमरेला ओटी बांधलेल्या. आपल्याकडे नजर कुठे ना कुठे डोंगराला अडते. इथे ती अडतच नाही. कारंजात जीप बदलली, तर ते दोन स्वेटरवाले काकाही माझ्यामागे त्याच जीपमध्ये. कामरगावच्या फाट्यावर उतरून चहासाठी त्यांनी मास्क खाली घेतला आणि मी ओरडलेच, "देवरावभाऊ!"

वच्छलाबाईंचे दीर. दीड महिना ज्यांच्या पंगतीला जेवले, त्यांना मी ओळखलं नव्हतं.

"मालन व्हय तू? अवं मंग पयलेच सांगायचं ना," ते म्हणाले. "मले वाटलं कोन ही बाई, भर जीपमंदी माही अब्रू तोलून राह्यली."

पाळणा दुरूनच दिसला आणि मी थांबले. गंजाचा लाल ढीग बघायची तयारी करून आले होते. इंजिनावर खताच्या पोत्यांची शिवलेली झूल होती. दांड्यांना तेल पाजलेलं होतं. दहाही डोल्या जागेवर, त्यांतल्या दोनांत मिरच्या वाळत घातलेल्या आणि एकीत खुडूक कोंबडी.

"तिले उठवू नको," वच्छलाबाई मागून आल्या. "चार दिवस रायले अंडे फुटाले."

मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर दंडाला धरून त्यांनी उभं केलं. "पाया काय पडते व? वाळून काडी झाली. चाल, जेव आंधी."

जेवायला सोल्याची (ओल्या तुरीच्या दाण्यांची) भाजी, ज्वारीची भाकरी आणि ठेचा. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. भाव वाढेल या आशेने ठेवलेले सोयाबीनचे कट्टे (लहान पोती) आढ्यापर्यंत रचलेले. मी तिथेच एका कट्ट्यावर टेकून जेवले. ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं. त्यातलं सगळंच काही ठेच्याचं नव्हतं.

आमचे इंजिनवाले इस्माईलचाचा अमरावतीहून आधीच आले होते. दोन दिवस त्यांनी इंजिन खोललं, गावच्या वेल्डरला घेऊन एकेक नट तपासला, कोंबडीला टोपलीसकट पडवीत हलवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पाळणा सुरू झाला.

आता माझी गोची ऐका. एकाआड एक डोली रिकामी ठेवायची आणि डोल्या दहा. म्हणजे प्रत्येक भरलेल्या डोलीच्या बरोबर समोर रिकामी डोली येते. पूर्वी मी माणसासमोर माणूस बसवायचे, चौघांतला एक इकडून उचलून तिकडे घालायचे. आता समोर नुसती हवा, आणि घर तर फोडायचं नाही. पाची घरं सारख्या वजनाची आली तरच काही जमलं असतं. पहिल्या फेरीत देवरावभाऊंच्या घरचे पाच जण आले, सगळे स्वेटर-शालीत. पलीकडे एक नवीन लग्न झालेलं जोडपं. मला अंदाजच येईना. मी चाचांना हात दाखवला.

चाक अर्धं फिरलं आणि देवरावभाऊंची डोली तळाला येऊन बसली ती बसलीच. पट्टा घसरला, धूर निघाला. जोडपं पार वर लटकलेलं.

खालून कुणीतरी हाक मारली, "काय गा नवरदेव, कसं वाटून राह्यलं?"

नवरा दांडी घट्ट धरून बसलेला. नवरी खाली वाकून म्हणाली, "मले तं इथूनच माहेर दिसते. आता पाच वर्सं न्या-आनाचं काम नाई."

लोक हसले म्हणून बरं. चाचांनी ब्रेक लावला, दोरखंड बांधून पाच-सहा जणांनी चाक हाताने ओढलं आणि एकेक डोली सावकाश खाली आणली. कुणाला काही झालं नाही, पण त्यानंतर पाळण्याजवळ फारसं कुणी फिरकेना. दिवस मावळताना चाचांनी सकाळी भरलेल्या डिझेलच्या टाकीत त्यांची खुणा केलेली काठी बुडवली. दिवसभरात जेमतेम चार फेऱ्या, आणि काठी अर्ध्याहून वर कोरडी.

"बेटी, तेरी गलती नहीं," ते म्हणाले. पण चूक कुणाची, ते मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाची कपबशी घेऊन मी पुन्हा त्याच कट्ट्यावर बसले होते. वच्छलाबाई म्हणाल्या, "काहून तोंड पाडून बसली व?"

"बाई, मला आता वजन कळत न्हाई. माणसाचं न्हाई, कशाचंच न्हाई."

"आता कशावर बसली हायस, त्याचं तरी सांग."

मी खाली पाहिलं. "कट्ट्यावर."

"साठ किलो. एकेक कट्टा मोजून शिवला हाय. ना जास्त ना कम."

मी कप खाली ठेवला. रिकाम्या डोलीत माणूस बसवायला बंदी होती. सोयाबीन बसवायला नव्हती. आणि माणसाचं वजन मला ओळखायचं कारणच नव्हतं. घर एका डोलीत बसवायचं, चाक अर्धं फिरवायचं, समोरच्या डोलीत कट्टे ठेवायचे आणि ब्रेक ढिला करायचा. चाक तिकडे कललं तर कट्टा कमी, इकडे कललं तर अर्धा कट्टा आणखी. चाक थांबलं की झालं. एवढा मोठा तराजू इतकी वर्षं आमच्यासमोर उभा होता.

मी घाबरत घाबरत सांगितलं. पीक त्यांचं, वर्षाची कमाई. एक कट्टा वरून फुटला तर?

वच्छलाबाईंनी आढ्यापर्यंतचे कट्टे नजरेने मोजले. मग त्यांनी देवरावभाऊंना हाक मारली, "भाऊजी, बैलगाडी काढा. सोयाबीन जत्रेले चाललं."

चाचांनी आधी दगड सुचवले होते, मग स्वतःच नको म्हणाले. दगड घरंगळतो, कट्टा माणसासारखा बूड टेकून बसतो. अठरा कट्टे गाडीतून आले, तीन फोडून आम्ही अर्धे केले. प्रत्येक कट्टा डोलीला दोराने आवळला. कुणीतरी कट्ट्यांच्या तोंडाला गमछे बांधले, मास्क म्हणून.

पहिल्यांदा बसायला कुणी तयार होईना. शेवटी काल लटकलेली नवरीच पुढे आली आणि नवऱ्याला म्हणाली, "चाला, काल माहेर पायलं, सासर पाहाचं राह्यलं."

दोघं बसली. समोर दीड कट्टा. ब्रेक ढिला केला. चाक जरासं डोललं आणि जिथल्या तिथे थांबलं. चाचांनी नुसतं बोट लावलं, तर दहाच्या दहा डोल्या निघाल्या. इंजिन सुरू झालं तरी त्याचा आवाज वाढला नाही. लोण्यातून सुरी जावी तसं चाक फिरलं. मी दोन्ही हात तोंडावर दाबून उभी होते.

दुपारपर्यंत रांग शाळेच्या कुंपणाला लागली. देवरावभाऊ आणि दोघं-तिघं कट्टे चढवत-उतरवत होते. कुठलं घर किती कट्ट्यांचं, हे गाव ओरडून सांगायला लागलं. साडेचार कट्ट्यांचं घर ठरलेल्या एका आजोबांनी छाती काढून फेरी मारली.

तेवढ्यात ग्रामसेवक आले. त्यांनी मान वर करून मोजलं आणि कपाळाला आठ्या पडल्या. "दहाच्या दहा भरल्या? पाचचीच परवानगी आहे ना?"

मी पिशवीतले तिन्ही कागद त्यांच्यापुढे धरले.

वच्छलाबाई म्हणाल्या, "साहेब, मानसं पाचातच हायत. बाकीच्यात सोयाबीन हाय."

त्यांनी चाक थांबवायला लावलं, एक कट्टा बोटाने टोचून पाहिला, दोर ओढून पाहिला. मग गमछ्याकडे बघून म्हणाले, "गावात एवढा नीट मास्क मी अजून कुणाचा पाहिला नाही." तासाभराने ते घरच्यांना घेऊन आले. अडीच कट्टे.

पाळणा सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी मालक आले, बरोबर भंगारवाल्याचा माणूस. तो पाळण्याभोवती फिरला, लोखंडावर चापट मारून पाहिली. मालक मात्र रांगेकडे बघत होते. चाचांनी सकाळी भरलेल्या टाकीत काठी बुडवली आणि त्यांच्यासमोर धरली: पहिल्या दिवशीच्या सहापट फेऱ्या झाल्या होत्या आणि काठी पाऊण ओली होती. मालकांनी ती हातात घेतली, उलटी-सुलटी केली.

"तुम्हाला उगाच हेलपाटा पडला," ते त्या माणसाला म्हणाले. "आलाच आहात तर एक फेरी मारून जा." मग माझ्याकडे वळून, "इंझोरीसाठी ट्रॅक्टर सांगा. आणि तिथे सोयाबीन कुणाकडे आहे, ते आधी विचारा."

निघायच्या आधी वच्छलाबाईंनी मला डोलीत बसवलं. इतकी वर्षं पायरीशी उभी राहिले, पण वर कधी गेलेच नव्हते. खाली माणसं बसवणार कोण? त्या दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि समोर एकच कट्टा ठेवायला लावला. "खात जाय व," म्हणाल्या. ब्रेक ढिला झाला. चाक हललंसुद्धा नाही.

वरून तुरीची पिवळी वावरं दिसली, रस्ता दिसला, आणि खाली कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या त्या. 

इंझोरी केलं, पुढची दोन गावंही केली, आणि आता मी आजऱ्याला घरी आहे. लोक विचारतात, तिकडे पाहण्यासारखं काय आहे? मी काय सांगणार? घरी येताना त्याच काळी-पिवळीने वाशीमला आले. ड्रायव्हरने मला ओळखलं आणि खाली उभं राहून विचारलं, "सांगा बाई, कोनाले कुठं बसवू?" मी सांगितलं, त्याने तसं बसवलं. कारंजापासून स्टेशनापर्यंत जीप एकदाही कलली नाही.

वच्छलाबाईंचा परवा फोन आला होता. सोयाबीन विकलं, पण पाळण्यात माझ्यासमोर बसलेला कट्टा त्यांनी बियाण्याला ठेवला होता. तो आता पेरलाय आणि उगवलाय. वर जाऊन आलेलं आहे ना, म्हणून बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच झालंय, म्हणतात. खोटं बोलतात. पण नवीन पीक आलं की त्यातले अठरा कट्टे विकायचे नाहीत, असं त्यांनी दिराला आत्ताच बजावून ठेवलंय, आणि ते मात्र खरं आहे.