एकोणसाठ वायरी

शनिवार, ८ ऑक्टोबर १९५५, संध्याकाळी सहा. जमा रक्कम सात रुपये, चौदा जणांचे प्रत्येकी आठ आणे. हजर: विमा कंपन्यांमधले पाच, रेल्वेच्या हिशेब कचेरीतले तीन, गिरण्यांमधले सहा. त्या सहांत मी एक. जागा दादरच्या एका शाळेतला चित्रकलेचा वर्ग. सातातले दोन रुपये वर्ग उघडून देणाऱ्या शिपायाला, बाकीचे चहाला आणि सायक्लोस्टाईलच्या कागदाला. एवढं माझ्या वहीत आहे. वहीत जे नाही ते इथे लिहितो आहे.

आम्ही सगळे कार्डांच्या यंत्रांवर काम करणारे. कॉम्प्युटर तेव्हा आमच्यापैकी कोणी पाहिला नव्हता. जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडायची, ती कार्डं यंत्रात घालायची, आणि यंत्र बेरजा करून पगाराचे तक्ते छापून द्यायचं. काय मिळवायचं आणि काय वजा करायचं हे यंत्राला सांगण्यासाठी चहाच्या ट्रेएवढा एक बोर्ड असे, शेकडो छिद्रांचा. या छिद्रातून त्या छिद्रात वायरी घालत गेलं की काम ठरायचं. आजची मुलं ज्याला प्रोग्रॅम म्हणतात तो आम्ही दोन्ही हातांनी उचलून कपाटात ठेवत असू.

यंत्र पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस सांगेल तेवढंच आम्हाला येई, म्हणून हे मंडळ निघालं. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कोणीतरी आपला बोर्ड कागदावर काढून आणायचा, फळ्यावर मांडायचा, आणि बाकीच्यांनी त्यावर तुटून पडायचं. पसंत पडला तर त्याच्या प्रती निघत आणि सगळ्यांच्या कचेऱ्यांत जात. खालच्या कोपऱ्यात ज्याने बोर्ड केला त्याची आद्याक्षरं. पैसा कोणाला मिळत नसे. मान एकाच गोष्टीला होता, तेच काम कमी वायरींत करून दाखवण्याला. फळ्यावरची आखणी संपली की आमचे अध्यक्ष खडू घेऊन वायरी मोजत, मोठ्याने, आणि आकडा फळ्याच्या डोक्यावर लिहीत.

त्या शनिवारी पाळी माझी होती. लोअर परळच्या आमच्या गिरणीत कामगारांच्या हजेरीचा आणि पगाराचा जुना बोर्ड अठ्ठ्याऐंशी वायरींचा होता. मी आणलेला त्याच कामाचा बोर्ड अध्यक्षांनी मोजला तो एकोणसाठ भरला. वर्गात कोणीतरी बाक वाजवला. विमावाल्यांपैकी एकाने विचारलं, कोणी केला हा? मी म्हटलं, आमच्या विभागात झाला. मग कागदाच्या कोपऱ्यात माझी आद्याक्षरं घातली.

तो बोर्ड मी केलेला नव्हता.

आमच्याकडे कार्डांवर भोकं पाडण्याच्या, म्हणजे पंचिंगच्या, खोलीत सात बायका होत्या. त्यांतल्या एक बाई पस्तिशीच्या, मॅट्रिक झालेल्या, घोडपदेवला आई आणि भावाबरोबर राहणाऱ्या. यंत्राच्या खोलीत बायकांनी यायचं नाही असा लेखी नियम नव्हता, पण कोणी येत नसे. या बाई जेवणाच्या सुट्टीत दाराशी उभ्या राहून बोर्ड बघत. वर्षभर बघितल्यावर एक दिवस त्यांनी मला वाया गेलेल्या कार्डांच्या पाठीवर पेन्सिलीने काढलेली एक आखणी दिली. अकरा कार्डं, दोऱ्याने ओवलेली. म्हणाल्या, चालेल का तेवढं बघून सांगा. पुढच्या एप्रिलमध्ये यंत्रावर एक जागा निघणार होती, पगार बावीस रुपयांनी जास्त. त्या जागेसाठी त्यांना अर्ज करायचा होता आणि अर्जासोबत दाखवायला काहीतरी हवं होतं.

मी बोर्ड जुळवला आणि जुलै-ऑगस्टची कार्डं त्यावरून काढली. जुन्या बोर्डाच्या बेरजेशी पैसुद्धा इकडची तिकडे नव्हती. वायरी साठ.

साठ हा आकडा मला दोन दिवस खटकत राहिला. मंडळात साठच्या आत कोणाचाच बोर्ड आलेला नव्हता. मी एकेक वायर तपासली. चाळीसाव्या रकान्यातून निघालेली एक वायर होती, तिचं काम मला कळेना. ती उपसली आणि तीच कार्डं पुन्हा काढली. बेरीज तीच. मग ती परत जागेवर घातली, कारण चालत्या बोर्डाला हात लावू नये हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. कागदावर मात्र ती उतरवली नाही. ही कशासाठी, असं बाईंना विचारायला पंधरा पावलं जावं लागलं असतं. विचारलं असतं तर आखणी त्यांची आहे हे माझ्या तोंडून मलाच ऐकावं लागलं असतं.

गिरगावातल्या आमच्या खोलीत मी तो छापील कागद बायकोला दाखवला. कोपऱ्यातली अक्षरं बघून तिला आनंद झाला. मग मी, का कोण जाणे, बाईंचं सांगितलं.

"मग त्यांचं नाव का नाही घातलंत?"

"मंडळात त्यांना ओळखतं कोण?"

"तुम्हाला तरी आधी कोण ओळखत होतं?" असं म्हणून तिने कागद कपाटात कपड्यांखाली ठेवला. पुन्हा तो विषय तिने काढला नाही.

नव्या वर्षापासून आमच्या गिरणीत साठ वायरींचा बोर्ड चालू झाला. परळच्या एका गिरणीत मंडळातला माझा मित्र होता. दोन्ही गिरण्यांची कार्डं एकाच धाटणीची, म्हणून त्यानेही छापील कागदावरून तोच बोर्ड जुळवला, एकोणसाठ वायरींचा.

त्या जानेवारीत मुंबई केंद्राच्या ताब्यात जाणार असं जाहीर झालं आणि शहर पेटलं. गोळीबार, कर्फ्यू. लालबाग-परळला रस्त्यावर दगड आणि काचा. परळच्या त्या गिरणीने दोन दिवस फाटक बंद ठेवलं, आमच्यानेही ठेवलं. फेब्रुवारीत पगार झाला. त्यानंतरच्या रविवारी सकाळी मित्र गिरगावात आला. चप्पल न काढता दारातच उभा राहिला. हातात माझा कागद.

"चारशे बारा माणसं आहेत, आणि कागदावर अक्षरं तुझी आहेत," तो म्हणाला.

महिन्यात दोनपेक्षा जास्त खाडे झाले की हजेरीची वाढ मिळत नसे, साडेतीन रुपये. फाटक गिरणीनेच बंद ठेवलं तर तो खाडा धरायचा नाही, असा नियम होता. अशा महिन्यात कार्डाच्या चाळीसाव्या रकान्यात वर एक जादा भोक पाडत. ते भोक दिसलं की बंदचे दिवस सोडून दे, हे यंत्राला सांगणारी वायर म्हणजे तीच. जुलै-ऑगस्टमध्ये गिरणी एकदाही बंद नव्हती, तेव्हा ते भोकच नव्हतं आणि बेरीज जुळली. परळला जानेवारीत ज्यांचे स्वतःचे एक-दोन खाडे होते, त्यांचे यंत्राने तीन-चार धरले आणि वाढ कापली.

"अरे, माझ्या टेबलासमोर रांग लागलीय," मित्र सांगत होता. "मागावरचा एक म्हातारा साचेवाला काय म्हणाला माहितीये? फाटकाला कुलूप तुमचं, रस्त्यात पोलीस, मग खाडा मी केला की तुम्ही? काय उत्तर देऊ मी त्याला?"

मला सगळं तिथल्या तिथे कळलं. मी त्याला कोणती वायर वाढवायची ते सांगितलं. आखणीत एक राहून गेली होती, एवढंच म्हटलं. ती कोणी गाळली हे त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. बायको आत स्टोव्हपाशी होती. तिने पंप मारायचं थांबवलं होतं.

सोमवारी परळहून आमच्या विभागप्रमुखांना फोन आला. त्यांनी मला बोलावलं. साहेबांच्या टेबलावर तोच कागद होता.

"हा बोर्ड तुमचा ना?"

मी हिशेबाचा माणूस. खोटं बोलायचं नाही हे घरात आणि कचेरीत मी नेहमी पाळत आलो. तेव्हाही पाळलं. म्हटलं, "साहेब, आखणी मूळची पंचिंगमधल्या बाईंची आहे."

एक अक्षर खोटं नव्हतं. चार महिने ज्यांचं नाव कागदावर घालायला मला जागा सापडली नव्हती, त्यांचं नाव मी त्या खोलीत पहिल्यांदा घेतलं.

साहेबांनी चष्मा काढला. त्यांना एक शंका आली. आपल्याकडेही तोच बोर्ड आहे, मग आपला जानेवारीचा पगार कसा बरोबर झाला? मी म्हटलं, आपल्या बोर्डावर ती वायर आहे. "म्हणजे तुम्ही ती वेळेवर घातलीत," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. त्यांनी तो प्रश्न म्हणून विचारलाच नव्हता. मी होय म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. खिडकीबाहेर सुताचे गठ्ठे चढवत होते, ते मी बघत राहिलो. माझ्या आठवणीप्रमाणे सात गठ्ठे चढले. मग साहेब म्हणाले, जा.

मार्चच्या दुसऱ्या शनिवारी मी मंडळात दुरुस्त केलेला कागद नेला. अध्यक्षांनी मोजला, साठ. या वेळी मी कोपरा कोरा ठेवला. तिथे काय लिहायचं ते मला चांगलं ठाऊक होतं.

मार्च संपताना बाईंचा अर्ज परत आला. साहेबांनी त्यांना कारण तोंडी सांगितलं आणि पुरावा म्हणून माझा एकोणसाठांचा कागद पुढे केला. पंचिंगच्या माणसांनी पंचिंग बघावं, चारशे लोकांचा पगार म्हणजे विणकाम नव्हे, असं काहीतरी ते बोलले. बाई तो कागद घेऊन यंत्राच्या खोलीच्या दाराशी आल्या. आत आल्या नाहीत. मी बाहेर गेलो. त्यांनी कागद भिंतीला लावून पेन्सिलीच्या टोकाने मोजायला सुरुवात केली, आणि पूर्ण होईपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही.

"ह्या एकोणसाठ आहेत. माझ्या साठ होत्या."

मी म्हटलं, एक मला जादा वाटली.

"मग विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "माझा भाऊ साच्यावर आहे. फाटक मालकांनी लावलं आणि खाडा त्याच्या नावावर पडला, असं आमच्या घरात एकदा झालंय. त्या महिन्यात आईचं औषध आणलं नव्हतं. सगळ्यांत पहिली तीच वायर आखली होती मी. बाकीचा बोर्ड तिच्या भोवतीनं केला."

नंतर कोपऱ्यातली अक्षरं त्यांनी वाचली. कागद घडी घालून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "साहेबांना सांगाल ना?"

"सांगतो."

ही तारीख वहीत आहे, २९ मार्च. साहेबांना मी सांगितलं ते १८ जूनला. मधल्या ऐंशी दिवसांत काय अडचण होती असं कोणी विचारलं तर माझ्याजवळ दाखवण्यासारखं काही नाही. एप्रिलमध्ये यंत्रावरच्या जागेवर आमच्यातल्याच एका मदतनिसाला घेतलं. त्याच महिन्यात नव्या बोर्डाने दर महिन्याचे दोन दिवस वाचतात आणि तो बिनचूक चालतो म्हणून मला दहा रुपयांची खास वाढ झाली. थोरल्या मुलीला इंग्रजी शाळेत घातलं होतं, तिची फी आठ रुपये. मी मनाशी म्हणत होतो की जागा गेलीच आहे, आता सांगून बाईंना काय मिळणार. बाई दाराशी येईनाशा झाल्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत त्या आपल्या यंत्रापाशीच बसत.

जूनमध्ये मी साहेबांना सगळं सांगितलं, क्रमाने, आकड्यांसह. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, आता जागा भरली आहे, त्या माणसाला काढता येणार नाही. मग थोडं थांबून म्हणाले, "आणि तुमची वाढ? ती काढून बाईंच्या नावावर करायची तर मला वर लिहावं लागेल. लिहू का?"

मी गप्प राहिलो. जानेवारीच्या त्या पगारापासून गप्प राहण्याची मला सवयच झाली होती, पण या वेळी प्रश्न सरळ होता आणि होय एवढंच उत्तर पुरलं असतं. साहेबांनी मला पुरेसा वेळ दिला. मग फाइल मिटली आणि म्हणाले, ठीक आहे.

बाईंना मी साहेबांना सांगितल्याचं कळवलं. शेवटचा प्रश्न कळवला नाही. त्यांनी मान हलवली आणि पुढचं कार्ड घेतलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी आमची गिरणी सोडली. त्यांना यंत्रावर काम कुठे मिळालं की नाही, ते मी कोणाला विचारलं नाही.

परळच्या गिरणीने चुकलेले साडेतीन-साडेतीन रुपये मार्चच्या पगारात दिले. चारशे बारांपैकी तिघे तोपर्यंत नोकरी सोडून गावी गेले होते, त्यांचे साडेदहा रुपये तसेच राहिले. चारशे नऊ कामगारांना मिळून एक हजार चारशे एकतीस रुपये आठ आणे पोचले. बाईंना त्या बोर्डाबद्दल काही मिळालं नाही. एप्रिल १९५६ पासून एप्रिल १९६० मध्ये मी ती गिरणी सोडेपर्यंत एकोणपन्नास महिने, दरमहा दहाप्रमाणे, चारशे नव्वद रुपये. ते मला मिळाले.