प्रवाळावरचे पाय
फवारणीचा मास्क तोंडाला लावला की रबराच्या वासानं मला मालवणचा समुद्र आठवतो. तिथं प्रवाळाच्या पाहणीत आम्ही स्वयंसेवक तोंडात नळी धरून, पालथे तरंगत मासे न्याहाळत होतो. "कशालाही हात लावू नका," असं सकाळी तासभर बजावणारे आमचे दीडशहाणे प्रमुख फोटोसाठी थेट प्रवाळावरच उभे राहिले. पायाखाली कडकन मोडलं. मी डोकं वर काढून ओरडलो, "साहेब, उतरा खाली! आमच्याकडं धान्याच्या खळ्यातबी कोनी चपला घालून जात नाई, अन् तुमी जित्या जीवावर उभे राह्यले!" ते हसले, "वाशिमला समुद्र कधी आला रे?" आता तोच फोटो त्यांच्या 'समुद्र वाचवा' व्याख्यानाच्या पत्रिकेवर झळकतोय. छाती पुढे, कमरेपर्यंत पाणी. पाय तेवढे दिसत नाहीत.