गॅरेजचं सारवण

आमच्या घरात गाडीपेक्षा गाडीखालच्या जमिनीचे लाड जास्त झाले.

अहेरीला आम्ही नवं घर बांधलं होतं. बाबा गेल्यावर गोंडपिपरीकडच्या आमच्या गावातून आईला मोठ्या हौसेनं घेऊन आलो. पण घरभर फरशा! जिनं जन्मभर पहाटे उठून घर-अंगण सारवलं, तिच्या हाताला कामच उरलं नाही. माझी बायको वंदना पोछा मारून चुटकीसरशी मोकळी व्हायची आणि आई खुर्चीत पाहुणीसारखी बसून राहायची. मग तिची पिशवी भरली जायची.

"बाबू, मले गावले नेऊन दे. इथी मी काय करून राह्यली? नुसती खाऊन राह्यली!"

गावात आता तिचं कोणीच नव्हतं. तिनं जाऊ नये, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी मी जे जे केलं (टीव्ही, झोपाळा, चहासोबत क्रीमची बिस्किटं), त्यानं ती आणखीच कंटाळली.

अशातच मी एक जुनी गाडी घेतली. ती पेट्रोल प्यायची आणि ऑइल सांडायची. गॅरेजचं कोरं काँक्रीट ते ऑइल शोषून डागाळू लागलं. हार्डवेअरवाले रऊफभाई म्हणाले, "सर, पहले सीलर मारा, मंग हे कोटिंग. दोन डबे मिसळले का काचेवानी जमीन! ऑइल सांडलं, फडक्यानं पुसलं, खतम!"

काँक्रीटची छिद्रं बुजवणारं ते सीलर नीट बसलं. मग मी दोन्ही डबे मिसळले आणि शेजाऱ्याला कोटिंगवर व्याख्यान देत उभा राहिलो. व्याख्यान संपलं तेव्हा मिसळून डब्यातच राहिलेल्या मालाचा दगड झाला होता आणि त्यात माझा ब्रश ताठ उभा! (वंदनानं तो डबा दाराला टेकण म्हणून लावला.) पुन्हा डबे आणले. या खेपेला तोंड बंद ठेवून अख्खी जमीन करडी केली, कंबर धरून उठलो आणि सगळ्यांना बजावलं, "उद्यापर्यंत कोणी आत पाय ठेवायचा नाही!" मग आंघोळ केली, जेवलो आणि विजयी वीरासारखा आडवा झालो.

सगळ्यांना म्हणजे वंदनाला. आई बाजारात गेली होती.

आई परतली तेव्हा गॅरेज उघडं आणि आत ओली, करडी जमीन. अशा जमिनीचा आईच्या लेखी एकच अर्थ होता: कोणीतरी सारवायला घेतलं आणि शेण कमी पडलं! तिनं शेजारच्या गोठ्यातून बादलीभर ताजं शेण आणलं आणि पदर खोचला.

मला जाग आली ती वासानं. धावत गेलो. आई उकिडवी बसून मागे मागे सरकत होती, हात झरझर फिरत होता आणि ती चक्क गुणगुणत होती. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच!

"आईऽऽ! हे काय करून राह्यली तू?"

"पाहून नाई राह्यला? काऊन रे, हे आधी कोणं सारवलं होतं? किती चिकट! पाय निंघत नाई माह्या! सुनबाईचंच काम दिसते."

तेवढ्यात वंदना आली. आता स्फोट होणार म्हणून मी डोळे मिटले. तिनं जमिनीकडे पाहिलं, माझ्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग आईच्या उजळलेल्या चेहऱ्याकडे पाहतच राहिली.

"हो आई, मीच केलं," ती म्हणाली. "मले कुठी येते सारवता? तुम्हीच शिकवा ना."

"एका दिवसात नाई येत ते! दर आठवड्याले हात फिरवा लागते," आई म्हणाली. "तू घाबरू नोको. मी आहो ना इथी!"

मी रॉकेलचा बोळा घेऊन आईचे तळवे पुसत बसलो. हसू येत होतं आणि डोळेही भरून आले होते. कोटिंग मात्र रऊफभाईंनी सांगितल्याप्रमाणे पक्कं बसलं, शेणासकट!

दुसऱ्या दिवशी गाडी आत घ्यायला गेलो तर आई दारात आडवी. "माह्या सारवणावर तेल गळवतं का?" गाडी कडुनिंबाखाली गेली आणि गॅरेजमध्ये आईची खाट आली. पिशवी खिळ्याला रिकामी लटकली.

त्या उन्हाळ्यात आमचं स्लॅबचं घर भट्टीसारखं तापलं. एका दुपारी मी उशी घेऊन गॅरेजच्या गार जमिनीवर निजायला निघालो. आईनं उंबऱ्यातच अडवलं.

"पाय धुऊन ये. अन् गाडीले हात लावला असन, तं हातही!"

घर माझं, गॅरेज माझं, कोटिंग माझं. मी उशी काखोटीला मारली आणि निमूट नळावर गेलो!