मी शोधलेलं डायनासोरचं अंडं

माझी बायको पुराजीवशास्त्रज्ञ. म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या शंखशिंपल्यांची चौकशी करणारी. आणि संसार मांडला कुठे, तर कर्जतला, जिथला दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा. त्यात जीवाश्म शोधणं म्हणजे तापल्या तव्यावर मासा पोहतोय का बघणं. तिला इथे आणण्याचं पुण्य माझं. मोहोपाड्याच्या एका कारखान्यात मी स्टोअर्स सांभाळत होतो. ती मुंबईच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवायची आणि सुट्टी लागली की शिंपल्यांमागे कच्छला जायची.

मीही हौसेनं जायचो. तिथली माणसं मला विचारायची, "साहब, क्या मिला?" आणि तिला विचारायची, "बेन, धूप नहीं लगती?" कारण हॅट आणि पोट दोन्ही माझ्याकडे होती. मी हातातला शिंपला गंभीरपणे निरखायचो. "उलटा धरलाय," ती हळूच म्हणायची. संशोधनात माझा वाटा एवढाच.

निवृत्तीनंतर तिनं आसपासच्या शाळांतली मुलं डोंगरावर न्यायला सुरुवात केली. दगड हातात द्यायचा आणि विचारायचं, काय दिसतं सांगा. तिची एकच इच्छा होती. आमच्या पलंगाखाली ट्रंकांत कोंडलेला तिचा जन्मभराचा संग्रह मुलांना हाताळता यावा, त्यासाठी एक खोली हवी होती. खालापूर तालुक्यात डोंगराच्या पायथ्याला एका शाळेत वर्ग रिकामा होता, पण हेडमास्तर काही हो म्हणेनात. "मॅडम, दगडांना वर्गखोली?" शेवटी म्हणाले, शनिवारी पालकांसमोर काहीतरी करून दाखवा, मग ठरवू.

त्याच आठवड्यात मी शाळेमागे फिरायला गेलो. कुणीतरी फार्महाऊससाठी डोंगर कापला होता. त्या कापलेल्या मातीत मला ते दिसलं. फणसाएवढं, गोल गरगरीत, वर कवच. तीस वर्षं शास्त्रज्ञाचं मीठ खाल्लेला माणूस मी, लगेच ओळखलं. उचलून शाळेच्या ओट्यावर आणून ठेवलं, फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला: 'मॅडमना शाळेमागे डायनासोरचं अंडं सापडलं! शनिवारी पाहायला या.' माझ्या नावाला वजन नाही म्हणून तिचं टाकलं. बायको ग्रुप उघडत नाही, हे माझं नशीब. तिचं नव्हे.

शनिवारी निम्मं गाव लोटलं. अंड्याला हळदकुंकू लागलं होतं, वर झेंडूचं फूल. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "भाऊ, ह्ये उबवायला कोन बसनार? मला चूल हाय. तुमीच बसा, तुमाला काय काम नाय."

सगळे हसले. बायको नाही हसली. तिनं दगडाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

हेडमास्तरांनी तिला बाजूला घेतलं. मीही गेलो, बोलावलं नसताना. ते म्हणाले, "मॅडम, आमचा पट घसरलाय. पोरं इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसतात. डायनासोर म्हटलं तर परत येतील. ते अंडं असेल-नसेल, तुम्ही अंडंच म्हणा. खोली आज देतो."

तिचा चेहरा मी पाहिला. खोली समोर होती, फक्त मान हलवायची होती. मी मदतीला धावलो. "अगं, असू दे की! अंडं नाही हे त्या डायनासोरशिवाय कुणाला कळणार?"

"मला कळतंय," ती म्हणाली. "मुलांना पहिल्याच दिवशी खोटं सांगू?"

तिनं फूल अलगद उचलून मावशींच्या हातात दिलं आणि आपली हातोडी माझ्या. "फोडा. अंडं तुमचं आहे."

मी घाबरत टिचकी मारली.

"जोरात हाना की भाऊ!" मावशी ओरडल्या. "जेवला नाय का?"

हाणलं. एक पापुद्रा सुटला. आत दुसरा, त्याच्या आत तिसरा.

"अगं बाई, कांदा हाय ह्यो!"

"अगदी कांदा," बायको म्हणाली, आणि पहिल्यांदा तिच्या आवाजात शिक्षिका आली. भेगांतून पाणी कसं शिरतं, चौकोनी दगडाचे कोपरे आधी कसे झिजतात, दगड गोल होत होत पापुद्रे कसे सुटतात, सगळं तिनं मुलांकडूनच सोलून घेतलं. मधे काळा, घट्ट गाभा उरला.

"मग डायनासोर नव्हतेच?" एका मुलीनं विचारलं.

"होते ना. हा लाव्हा वाहत होता तेव्हा होते. पण उकळत्या लाव्हात अंडं घालायला ते काही आमच्या ह्यांच्यासारखे नव्हते."

पालक खदखदून हसले. हेडमास्तर मात्र "बघू," एवढंच म्हणून ऑफिसात गेले. खोली गेली. बायको पिशवी भरायला लागली. मी तिची पाण्याची बाटली धरून उभा राहिलो, याहून उपयोगी असं काही मला करता येत नव्हतं.

पण मुलं घरी जाईनात. ती त्या कापलेल्या डोंगराकडे पळाली होती आणि कांदे घेऊन परत येत होती. कुणी कडेवर, कुणी दप्तरात, दोघी तर ओढणीच्या झोळीत. व्हरांड्यात बसून सोलणं सुरू झालं. घरी चल म्हणून हात ओढणाऱ्या आयाही हळूच खाली बसल्या. "माझ्याला जास्त पापुद्रे हायत!" "नाय रं, मोज परत!" लाल माती उडत होती, आणि वाऱ्यानं थेट स्वयंपाकाच्या खोलीत जात होती.

मावशी पळी घेऊनच बाहेर आल्या. "गुरुजी! माज्या तांदळात माती गेली तर मी नाय शिजवनार. ह्यांना खोली द्या, नायतर मला तरी द्या!"

हेडमास्तर दारात आले. मातीकडे पाहिलं, घरी न गेलेल्या मुलांकडे पाहिलं. मग आत जाऊन किल्ली घेऊन आले. "मॅडम, आधी हे सगळं आत घ्या. बाकीचं सोमवारी बोलू."

बायकोनं किल्ली मुठीत घट्ट धरली. मी पुढे झालो, म्हटलं, "बघ, शेवटी माझ्यामुळेच..."

"तुम्ही फक्त उचला," ती म्हणाली. "बोलू नका."

दिवस मावळेपर्यंत मी दगड उचलत होतो. तोंड एकदाच उघडलं, तेही 'आई गं' म्हणायला.